संगणकाची पदवी : कॉलेज निवडताना पुढच्या शिक्षणाचाही विचार करा



गळीत हंगाम आटोपतो, टोळ्या आपापल्या गावी परततात आणि मे महिना लागला की गट ऑफिसच्या ओट्यावरची विचारपूस बदलते. जानेवारीत "साहेब, आमची तोड कधी?" म्हणून हेलपाटे घालणारा सभासद आता वेगळेच विचारतो. "गुरुजी, पोरीला सीईटीत ९१ पर्सेंटाईल पडले. कॉम्प्युटरला घालायची म्हणते. नागपुरात कोणतं कॉलेज चांगलं?" गेल्या उन्हाळ्यात असे विचारणारे अकरा जण मला भेटले. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो, चार एकर ऊस आहे, तेव्हा याला दोन्हीकडचे कळत असेल अशी लोकांची समजूत. अकराही जणांना मी उलट एकच विचारले : "चार वर्षांनी पुढं काय?" नऊ जण म्हणाले, "नोकरी." दोघे म्हणाले, "पुढं शिकायचं म्हणते, एम.टेक. का काय ते."

हा लेख त्या दोघांसाठी आहे. उरलेल्या नऊ जणांनीही तो वाचावा, कारण पुढे शिकण्याचा विचार पुष्कळ मुलांच्या मनात तिसऱ्या वर्षी येतो, आणि तोवर कॉलेज निवडून झालेले असते.

पैसे कोण कोणाला देतो ?

आधी व्यवहार सांगतो, कारण आपल्याकडे सगळे शेवटी तिथेच येऊन थांबते. पदवीनंतरचे शिक्षण म्हणजे आणखी खर्च, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

आपल्या देशात 'गेट' नावाची परीक्षा असते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी मिळून ती घेतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात. गेट पास होऊन एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला सरकारकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन असते. पुढे पीएच.डी.ला गेला तर सरकारी फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. म्हणजे मुलगा शिकतो आहे आणि त्याबद्दल त्यालाच पैसे मिळताहेत.

अमेरिकेची गोष्टही अशीच दोन प्रकारची आहे. तिथल्या चांगल्या विद्यापीठात संगणक शास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ असते, आणि खालच्या वर्गांना शिकवण्याचे किंवा प्राध्यापकाच्या संशोधनात काम करण्याचे वेतनही मिळते. एम.एस.चे तसे नाही. एम.एस.ला बहुतेक मुले स्वतःचे पैसे भरून जातात, आणि राहण्या-जेवण्यासह तो आकडा तीस-चाळीस लाखांच्या पुढे सहज जातो. गावात "अमक्याचा मुलगा अमेरिकेला गेला" एवढेच कळते. तो पैसे घेऊन गेला की पैसे देऊन, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विचार करून कॉलेज निवडायचे म्हणजे नेमके काय? आपल्या मुलाला जिथे विद्यावेतन मिळेल अशा जागेपर्यंत पोचवणारे कॉलेज शोधायचे. शिकवणारे मास्तर आणि गणिताची तयारी या दोन गोष्टी त्या जागेपर्यंत नेतात. शाखेचे भपकेदार नाव आणि फाटकावरचा पॅकेजचा फलक यांचा तिथे फारसा उपयोग होत नाही. एवढेच मला सांगायचे आहे. का, ते आता खुलाशाने सांगतो.

नागपुरात शिकलेला मुरंब्याचा मुलगा

अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. तिथे १९४६ साली जन्मलेले विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १९६५ साली इंजिनिअर झाले. जुनी माणसे ज्याला 'व्हीआरसीई' म्हणत, तेच हे कॉलेज. १९६० साली सुरू झालेले हे कॉलेज २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे व्हीएनआयटी, म्हणून ओळखले जाते.

१९६५ साली नागपुरात संगणक नावाची शाखाच नव्हती. भटकर पुढे एम.ई.साठी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात गेले आणि १९७२ साली दिल्ली आयआयटीतून पीएच.डी. झाले. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा सरकारने १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था काढून त्यांच्यावर जबाबदारी टाकली. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच अजस्र यंत्र बांधण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एका कामाला जुंपायचे, अशी त्याची रचना होती. एका बैलाला न ओढणारी मोळी चार बैलांनी ओढावी तसेच. फक्त त्या चार बैलांनी एकाच वेळी एकाच दिशेला ओढले पाहिजे, आणि ते जमवणे हीच त्यातली खरी विद्या.

ही गोष्ट मी मुलांना सांगतो ती देशाभिमानासाठी नव्हे, जरी तो वाटतोच. सांगतो ते यासाठी की ज्याला 'कॉम्प्युटर' शिकवलाच नव्हता त्याने देशाचा महासंगणक करून दाखवला. पदवीत त्याला जे मिळाले ते पुढच्या दोन पायऱ्या चढायला पुरले.

दुसरे उदाहरण नरेंद्र करमरकर यांचे. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले करमरकर १९७८ साली मुंबई आयआयटीतून पदवीधर झाले, तेही इलेक्ट्रिकल शाखेतून. पुढे अमेरिकेत एम.एस. आणि १९८३ साली बर्कले येथून संगणक शास्त्रात पीएच.डी. लगेच १९८४ साली बेल लॅबोरेटरीत असताना त्यांनी गणिताची एक रीत शोधून काढली, ती आज जगभर 'करमरकर अल्गोरिदम' म्हणून शिकवतात.

ती रीत कशासाठी आहे हे आपल्या सभासदांना प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल. समजा, कारखान्याची गाळप क्षमता रोज २,५०० टन आहे. टोळ्या साठ, ट्रक-ट्रॅक्टर दीडशे, बैलगाड्या वेगळ्या. शेकडो गावांतला ऊस वेगवेगळ्या तारखांना लावलेला, कुणाचा पक्व, कुणाचा कोवळा. कोणती टोळी कोणत्या गावी पाठवावी, म्हणजे काट्यावर रांग लागणार नाही, गव्हाण रिकामी राहणार नाही आणि तोडलेला ऊस वाळून उतारा घसरणार नाही? अटी हजारो आणि उत्तर सर्वांत फायद्याचे हवे. असल्या हिशेबाला रेषीय प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९४७ साली अमेरिकेच्या जॉर्ज डँट्झिग यांनी त्यासाठी एक रीत दिली होती. व्यवहारात ती उत्तम चाले, पण काही अवघड मांडण्यांत तिच्या पायऱ्या बेसुमार वाढू शकतात. करमरकरांची रीत कितीही मोठ्या हिशेबाला पायऱ्या हाताबाहेर जाणार नाहीत याची हमी देते आणि प्रत्यक्ष वापरातही वेगाने चालते.

आता सांगा, यात कॉम्प्युटर 'चालवणे' कुठे आहे? गट ऑफिसात ऊस नोंद संगणकावर टाकणारा आपला लिपिक कॉम्प्युटर उत्तम चालवतो. संगणक शास्त्र म्हणजे त्या नोंदींतून हिशेब कोणत्या रीतीने करायचा, किती वेळात होईल आणि उत्तर बरोबरच आहे कशावरून, हे शोधण्याचे शास्त्र. ते निम्म्याहून अधिक गणित आहे.

शाखेचे नाव

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, प्रयोग केल्यापासून आपल्या सभासदांनाही हा शब्द पाठ झाला आहे. उपग्रहाची चित्रे, शेतातले हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर यांवरून पाणी किती आणि खत केव्हा हे मोबाईलवर येते. काम चांगले आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे मुले म्हणतात, "मला एआयच पाहिजे, साधं कॉम्प्युटर नको." कॉलेजांनीही ते ओळखले. कॉम्प्युटर सायन्स, त्यापुढे कंस, कंसात एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी. एकाच इमारतीत एकाच मास्तरांकडून चालणाऱ्या पाच शाखा.

पुढे शिकायचे असेल तर कंसातल्या शब्दांना फार भुलू नये. कॉलेजकडून चार वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्या, तो संकेतस्थळावर असतोच, आणि शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना घेऊन बसा. त्यात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटरची अंतर्गत रचना आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हे विषय पुरते आहेत का, ते पाहा. यातले दोन-तीन गाळून त्या जागी कुठल्यातरी कंपनीच्या सॉफ्टवेअरचे 'ट्रेनिंग' घातले असेल तर ते ध्यानात घ्या. ते सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुने होते. अल्गोरिदम होत नाही.

याला परीक्षेचाही पुरावा आहे. गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या १०० गुणांच्या पेपरात १३ गुण शुद्ध गणिताचे, १५ सामान्य आकलनाचे आणि बाकीचे ७२ वर सांगितलेल्या पायाभूत विषयांचे. २०२४ पासून गेटमध्ये 'डेटा सायन्स आणि एआय' असा वेगळा पेपरही आला. मुलांना वाटले, आता सोपे झाले. पेपर उघडला तर सुरुवात संभाव्यता, संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्रा यांनी!

जर्मनीचे तर याहून कडक. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही किंवा नाममात्र आहे, म्हणून आपल्याकडची पुष्कळ मुले हल्ली तिकडे पाहतात. पण एम.एससी.ला घेताना ती विद्यापीठे पदवीचे नाव पाहत नाहीत. गुणपत्रिका विषयवार काढून बसतात. सैद्धांतिक संगणक शास्त्राचे इतके श्रेयांक, गणिताचे इतके श्रेयांक. तेवढे भरले नाहीत तर नव्वद टक्के असले तरी अर्ज परत येतो. (भारतीय विद्यार्थ्याला २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिकडच्या व्हिसासाठी 'एपीएस' नावाचे कागदपत्र-तपासणीचे प्रमाणपत्रही लागते. जाणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी.)

तीन पत्रे

आता घरचीच गोष्ट सांगतो. कॉलेजचे नाव सांगत नाही, ते मुद्द्याचे नाही.

माझ्या पुतण्याला बारावीनंतर दोन जागा मिळत होत्या. एक जुन्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची आणि दुसरी एका नव्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटरची. भाऊ म्हणाला, "कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर." मीही हो म्हटले, ही चूक माझीसुद्धा आहे. आम्ही कॉलेज बघायला गेलो, तर एसी लॅब, काचेचे दरवाजे, आणि स्वागताला उभ्या असलेल्या माणसाने दिलेली रंगीत पुस्तिका. मास्तर किती जण आहेत आणि ते किती वर्षे टिकतात, हे आम्ही विचारलेच नाही. कारखान्यात पाहुणा आला की आपण त्याला गाळप दाखवतो, मळीची टाकी दाखवत नाही, हे ठाऊक असूनही विचारले नाही.

पोरगा हुशार. चार वर्षांत गुण चांगले पडले. शेवटच्या वर्षी परदेशी पीएच.डी.चे आणि एम.एस.चे अर्ज भरायला बसला, तेव्हा कळले की प्रत्येक अर्जासोबत ओळखीच्या प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रे लागतात. 'हा विद्यार्थी सज्जन व होतकरू आहे' असला दाखला तिथे चालत नाही. याने माझ्याबरोबर अमुक प्रश्नावर काम केले, इथे अडला, असा सुटला, आणि माझ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांत हा अमुक जागी बसतो, असे लिहिणारे पत्र हवे. आता असे लिहिणार कोण? वर्गात १८० मुले. ज्यांनी अल्गोरिदम शिकवले त्या बाई वर्षभरात सोडून गेल्या. ज्यांनी गणित शिकवले ते तासाच्या बोलीवर येत. प्रोजेक्टचे गाईड दोनदा बदलले. शेवटी विभागप्रमुखांनी सर्वांना देतात तेच छापील पत्र सही करून दिले.

पीएच.डी.चे सगळे अर्ज परत आले. एम.एस.ला दोन विद्यापीठांनी घेतले, पूर्ण फी भरून. बँकेने तारण मागितले. भाऊ विहिरीकाठची चार एकर लिहून द्यायला तयार झाला होता. सातबाऱ्याचा उतारा काढून आणला तेव्हा पोरगाच म्हणाला, "काका, नको. ही जमीन गेली तर मी तिकडं अभ्यास करीन का हप्ते मोजीन?"

मग त्याने घरी बसून गेटचा अभ्यास केला. आयआयटीच्या प्राध्यापकांचे धडे 'एनपीटीईएल' नावाने फुकट मिळतात. त्यावर कॉलेजात न झालेले गणित त्याने पहिल्यापासून केले. सकाळी पाणी सोडायचे आणि बांधावर बसून मोबाईलवर धडा लावायचा. पहिल्या वेळी जमले नाही. दुसऱ्या वेळी जमले. एम.टेक.ला लागल्यावर पहिल्या विद्यावेतनातून त्याने ठिबकच्या गळक्या लॅटरली बदलायला दोन हजार घरी पाठवले. दोन वर्षे मात्र गेली, आणि ती जायचे कारण नव्हते.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रवेश खिडकीवर फार वेळ घालवू नका. विभागात जा. मास्तरांच्या नावांच्या पाट्या वाचा, पाच वर्षांहून जुने किती आणि पीएच.डी. किती, ते शिपायाला विचारले तरी कळते. २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा तंत्रशिक्षण परिषदेचा दंडक आहे. २०२४ पासून परिषदेने कॉलेजच्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली, त्यामुळे काही ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या एकदम वाढल्या. जागा एका कागदावर वाढतात, मास्तर तसे वाढत नाहीत. मेकॅनिकलचे मास्तर कॉम्प्युटर शिकवताना दिसले तर समजून घ्या. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते ते पाहा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना चहाला न्या आणि विचारा, "तुमच्यातला कोणी गेटनं एम.टेक.ला गेला का? कोणत्या सरांनी मदत केली?" मुले सरांचे नाव पटकन सांगतात, किंवा एकमेकांकडे पाहतात. दोन्हींतून उत्तर मिळते.

फाटकावर मोठ्या अक्षरांत ४० लाखांच्या पॅकेजचा फलक असतो. तो एका मुलाचा आकडा. आपण कारखान्याचा उतारा एका खेपेवरून सांगतो का? हंगामाचा सरासरी सांगतो. कॉलेजलाही मधल्या मुलाला काय मिळाले, ते विचारा.

'नॅक' आणि 'एनबीए' यांत घोटाळा करू नका. नॅक सबंध संस्थेला गुण देते, एनबीए एकेका शाखेला मान्यता देते. कॉलेजला नॅकची उत्तम श्रेणी असूनही नव्या शाखेला एनबीए नसू शकते. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य आहे, त्यामुळे एनबीएच्या मान्यतेला बाहेरच्या देशांतही काही वजन आहे.

नागपुरात काय आहे

पहिला क्रमांक अर्थातच व्हीएनआयटीचा. तिथला प्रवेश राज्याच्या सीईटीवर होत नाही, जेईई मेनवर होतो, हे अजूनही काही पालकांना प्रवेशाच्या वेळी कळते! निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राखीव असतात, तो आपला मोठा फायदा. पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखापेक्षा कमी असेल तर शिक्षण फी पूर्ण माफ आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश माफ, अशी सवलत आहे. वसतिगृह आणि मेस वेगळे.

बुटीबोरीजवळ वारंगा येथे ट्रिपल आयटी, नागपूर आहे. २०१६ साली सुरू झालेली ही संस्था केवळ संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या अंगाने चालते. प्रवेश जेईई मेनवरच, मात्र इथे राज्याचा राखीव वाटा नाही, सगळ्या देशाशी स्पर्धा.

सीईटीवरच्या कॉलेजांत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८४ साली निघालेले यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच वर्षीचे रामदेवबाबा कॉलेज आहे (ते २०२४ पासून विद्यापीठ झाले), आणि नागपूर विद्यापीठाशी संलग्न अशी इतर पुष्कळ. ही खासगी कॉलेजे आली कशी, तर १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली म्हणून. दादा आपल्याच चळवळीतले, सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे. आधी महाराष्ट्रातली मुले देणगी भरून कर्नाटकात जात. त्या निर्णयाचे बरे-वाईट दोन्ही आपण पाहिले. चांगली उभी राहिली ती कॉलेजे, मास्तर टिकवलेलीच आहेत.

मला विचाराल तर पुढे शिकायच्या मुलाने जुन्या, मास्तर टिकलेल्या कॉलेजातली इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकलची जागा नव्या कॉलेजातल्या एआयच्या जागेपेक्षा वर लिहावी. गेटचा कॉम्प्युटरचा पेपर इतर शाखांच्या मुलांनाही देता येतो. प्रवेश देताना काही संस्था शाखेची अट घालतात, ती आधी वाचून ठेवावी. चार वर्षांनी नोकरीच करायची असेल तर माझे हे म्हणणे तितके लागू नाही, तिथे कॉम्प्युटरच्या जागेचा उपयोग होतो, हेही खरे.

मोठे कॉलेज नाहीच मिळाले तरी वाट बंद होत नाही. एनपीटीईएल आहेच. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादम्यांच्या मदतीने दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना देशातल्या शास्त्रज्ञांकडे दोन महिने कामाला पाठवते, तेही विद्यावेतन देऊन. साध्या कॉलेजातल्या मुलाला तिथूनच एक खरेखुरे शिफारसपत्र मिळू शकते. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात. दुसऱ्या वर्षापासून डोळा ठेवावा. गुण मात्र पहिल्या सत्रापासून सांभाळायचे. पहिल्या वर्षी 'एटी-केटी' म्हणून हसणारी मुले चौथ्या वर्षी सीजीपीए आठच्या वर न्यायला धडपडतात, तेव्हा सरासरी हलत नाही.

मुलींच्या बाबतीत एक महत्त्वाचे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. पालकांचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. तशीच ती खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणून कॉलेजच्या नावात 'विद्यापीठ' आले असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा. दोन पर्सेंटाईलने नावाजलेले कॉलेज हुकले म्हणून मॅनेजमेंट कोट्यात लाखो भरणाऱ्यांनी आधी ही माफी हिशेबात धरावी आणि वाचलेले पैसे चार वर्षांनंतरच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवावेत.

ऑप्शन फॉर्म भरताना घाई करू नका. पहिला पर्याय मिळाला की तो पक्का धरला जातो आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव निघते. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाने भरला म्हणून तोच पहिला पर्याय टाकू नये. फॉर्म नेट कॅफेवाल्याला भरायला दिला तरी क्रम मुलीने स्वतः कागदावर लिहून न्यावा आणि 'कन्फर्म'चे बटण तिच्यासमोरच दाबले जावे.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जो लागू असेल तो, निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि पेरणीही तोंडावर असते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षाची माहिती पुस्तिका उतरवून घ्या. ती इंग्रजीत असते. वाचायला अडचण आली तर दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मी सकाळी दहा ते बारा गट ऑफिसात असतो.